दर शनिवारची बैठक : भोपाळच्या बायकांची गोष्ट

कामं आटोपली असतील, नसतील तर हात चालू ठेवून ऐका.

मागच्या महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत भांडण झालं. गावाशेजारी एक कारखाना आहे. त्याच्या ओढ्याकडच्या दोन विहिरींच्या पाण्याला वास येतो, असं चार-पाच जणींचं म्हणणं. अर्ज लिहायचा ठरला. पण त्याच गटातल्या तिघी त्या कारखान्यात रोजंदारीवर जातात. त्यांचं म्हणणं, "अर्ज कराल आणि आमची कामं जातील. मग हप्ता कोण भरणार?" दोन्हीकडचं खरं होतं. एक जण म्हणाली, "एवढी मोठी कंपनी, आपल्यासारख्या बायकांचं कोण ऐकतंय?" त्या दिवशी अर्ज लिहून झाला नाही.

मला त्या वेळी उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर भोपाळच्या बायका आठवल्या. आज त्यांचाच इतिहास सांगते. त्यात जिंकलेलं आहे, हरलेलं आहे आणि अजून लोंबकळत पडलेलंही आहे. सगळंच सांगते, कारण अर्धंच सांगितलं तर त्याचा आपल्याला उपयोग नाही.

सुरुवात आपल्या घरातल्या बॅटरीपासून करू. तुमच्या आजीच्या घरात रात्री परसाकडं जायला, शेतावर पाणी धरायला जायला बॅटरी असायची. तिच्यात एव्हरेडीचे सेल असायचे. तेव्हा ते सेल युनियन कार्बाइड नावाची कंपनी बनवायची. (आता एव्हरेडीचे मालक वेगळे आहेत.) युनियन कार्बाइड मूळची अमेरिकेची. तिच्या भारतातल्या कंपनीत निम्म्याहून जास्त, म्हणजे 50.9 टक्के हिस्सा अमेरिकेतल्या मूळ कंपनीचा होता. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

हरितक्रांतीच्या काळात पिकावर औषध मारायचं प्रमाण वाढलं. कार्बाइडनं 1969 मध्ये भोपाळला कीटकनाशकाचा कारखाना काढला. सेविन नावाचं औषध तिथं तयार व्हायचं. त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट नावाचं रसायन लागतं. त्याला मिक म्हणतात. आधी ते बाहेरून आणायचे, 1980 पासून भोपाळलाच बनवायला लागले. हे रसायन फार जहाल. ते थंड ठेवावं लागतं, आणि पाण्याशी त्याचा संबंध आला तर ते उकळून त्याचा वायू होतो. कारखान्याच्या भिंतीपलीकडं लगेच जयप्रकाशनगर, काझी कॅम्प, छोला अशा गरिबांच्या वस्त्या. हातगाडीवाले, हमाल, विड्या वळणाऱ्या बायका, रोजंदारीवरची माणसं तिथं राहायची.

धोका आधी दिसला नव्हता, असं नाही. 1981 च्या डिसेंबरात विषारी वायूनं एका कामगाराचा जीव गेला. 1982 मध्ये अमेरिकेहून आलेल्या कंपनीच्याच तपासनिसांनी सुरक्षेतल्या त्रुटी लिहून दिल्या. राजकुमार केसवानी नावाचे भोपाळचे पत्रकार त्याच वर्षापासून आपल्या छोट्या साप्ताहिकातून लिहीत होते की हा कारखाना शहराला घेऊन बुडणार आहे. कुणी मनावर घेतलं नाही. उलट औषधाचा खप कमी झाला म्हणून कंपनीनं खर्च कापायला सुरुवात केली. माणसं कमी केली. देखभाल कमी केली. मिकच्या टाक्या थंड ठेवणारं यंत्र 1984 च्या मध्यावर बंद करून टाकलं.

मग 2 डिसेंबर 1984 ची रात्र आली. 610 नंबरच्या टाकीत पाणी शिरलं. आतलं रसायन तापलं, उकळलं आणि मध्यरात्रीनंतर सुमारे 40 टन विषारी वायू बाहेर पडला. तो अडवायला तीन सोयी होत्या. थंड करणारं यंत्र बंद होतं. वायू धुऊन काढणारं यंत्र चालू स्थितीत नव्हतं. वायू जाळून टाकणाऱ्या मनोऱ्याचा पाइप दुरुस्तीसाठी काढून ठेवलेला होता. वस्तीला सावध करणारा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला गेला. तो पुन्हा वाजला तेव्हा माणसं रस्त्यावर पडायला लागली होती.

लोक झोपेतून खोकत उठले. डोळ्यांत मिरचीची धुरी गेल्यासारखं झालं. जो तो पळत सुटला, आणि वाराही त्याच बाजूला वाहत होता. नाकातोंडावर ओलं फडकं धरलं असतं आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेनं गेलं असतं, तर कितीतरी जण वाचले असते. ओलं फडकं, बायांनो! प्रत्येक घरात होतं ते. पण भिंतीपलीकडं काय साठवलंय आणि ते सुटलं तर काय करायचं, हे त्या वस्तीला कुणी सांगितलंच नव्हतं. इस्पितळातल्या डॉक्टरांनाही नीट माहिती मिळाली नाही. यानं डोळे चुरचुरतात, फार काही नाही, अशा थाटाचं उत्तर कारखान्याकडून आलं.

किती माणसं गेली, यावर आजही वाद आहे. पहिल्या दिवसांतल्या मृत्यूंचा सरकारी आकडा दोन हजारांच्या पुढचा. नंतर मृत्यू म्हणून मंजूर झालेले दावे पाच हजारांच्या पुढं गेले. पीडितांच्या संघटना म्हणतात, पुढच्या वर्षांत आजारानं गेलेले धरले तर वीस हजारांच्याही वर जातील. इजा झालेल्यांचा सरकारनं कोर्टात दिलेला आकडा 5 लाख 58 हजार 125 आहे.

कंपनीचे अमेरिकेतले प्रमुख वॉरेन अँडरसन 7 डिसेंबरला भोपाळला आले. त्यांना अटक झाली आणि काही तासांतच 25 हजार रुपयांच्या जामिनावर ते सुटले. सरकारी विमानानं दिल्लीला आणि तिथून मायदेशी. ते कधीच कोर्टापुढं आले नाहीत. 2014 मध्ये अमेरिकेतच वारले.

आता बायकांकडं वळू.

वायूनं फुप्फुसं आणि डोळे गेले, हे सगळ्यांना दिसत होतं. बायकांच्या अंगात आणखी काय झालंय, ते कुणी विचारत नव्हतं. पाळी बिघडली, अंगावरून जायला लागलं, पोटं पडली. डॉक्टरांपुढं बोलायला बायका लाजत होत्या, आणि ज्या बोलल्या त्यांना ऐकायला मिळालं की हे वायूमुळं नाही, तुम्ही अस्वच्छ राहता म्हणून. इथं आपल्या महाराष्ट्राचा एक धागा आहे. पुढं गडचिरोलीत काम उभं करणाऱ्या डॉ. राणी बंग 1985 च्या सुरुवातीला डॉ. मीरा सद्गोपाल यांच्याबरोबर भोपाळच्या वस्त्यांत गेल्या. त्यांनी बायकांना तपासलं, त्यांचं म्हणणं लिहून घेतलं आणि वायू लागलेल्या वस्त्यांत स्त्रियांचे आजार साथीसारखे पसरल्याचं जगापुढं मांडलं. बाईचं दुखणं कागदावर आलं तेव्हा कुठं त्याला दुखणं म्हणायची सुरुवात झाली. नाही तर तो तिच्या नशिबाचा भाग धरला गेला असता.

वस्तीतले कितीतरी कमावते पुरुष मेले होते. जे जगले होते, त्यांना चार पावलं चालली की दम लागायचा. मग हमाली कोण करणार? घर बाईवर आलं. ज्या कधी एकट्या बाजारात गेल्या नव्हत्या, ज्यांचा बुरखा आणि पदर दारातच अडायचा, त्या कामाला बाहेर पडल्या. सरकारनं शिवणकामाची केंद्रं काढली होती. काही दिवसांनी ती बंद करायचा घाट घातला. तेव्हा बायका रस्त्यावर आल्या. त्यातूनच 1986 च्या सुमारास भोपाळ गॅस पीडित महिला उद्योग संघटना उभी राहिली. अब्दुल जब्बार तिचे निमंत्रक. त्यांचेही आईवडील आणि भाऊ या वायूच्या परिणामांनी गेले. त्यांचे स्वतःचे डोळे आणि फुप्फुसं खराब झाली होती.

या संघटनेची बैठक दर शनिवारी शहरातल्या यादगार-ए-शाहजहानी बागेत भरायची. हॉल नाही, खुर्च्या नाहीत. हिंदू-मुसलमान बायका गवतावर बसायच्या. आठवड्यात काय झालं, कोर्टात काय झालं, कुणाचा दावा कुठं अडला, हे वाचून दाखवलं जायचं. वर्षानुवर्षं, पाऊस असो की ऊन. वर्तमानपत्रवाले 3 डिसेंबरला यायचे आणि जायचे. शनिवार मात्र दर आठवड्याला यायचा. मोर्च्यापेक्षा मला या शनिवारचंच जास्त नवल वाटतं. गटाची मासिक बैठक टिकवताना आपल्याला किती घाम फुटतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरी संघटनाही बायकांचीच. सरकारनं कचेऱ्यांना लागणारी वह्या-फायलींची स्टेशनरी बनवायला शेडमध्ये शंभरेक बायकांना शिकवलं. शिकून झाल्यावर सांगितलं, आता घरी जा. त्यांनी जायचं नाकारलं. काम द्या, म्हणाल्या. काम मिळालं तर मजुरी तुटपुंजी. मग रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघींनी कामगार संघटना बांधली. एक मुसलमान, एक हिंदू. दोघींच्या घरात वायूनं माणसं खाल्लेली. 1989 मध्ये या बायका लेकरांना घेऊन भोपाळहून दिल्लीला चालत निघाल्या. अंतर साडेसातशे किलोमीटर. धाप लागणाऱ्या छातीनं, हे विसरू नका.

याच वर्षी मोठा घाव बसला. त्यासाठी थोडा कायदा समजून घ्यावा लागेल. 1985 मध्ये सरकारनं कायदा केला की सगळ्या पीडितांच्या वतीनं फक्त भारत सरकारच कंपनीशी भांडेल. खटला आधी अमेरिकेच्या कोर्टात गेला. कोर्ट म्हणालं, हा भारतातला मामला, तिकडंच चालवा. सरकारनं तीनशे कोटी डॉलरच्या वर भरपाई मागितली होती. 14 फेब्रुवारी 1989 ला सर्वोच्च न्यायालयात 47 कोटी डॉलरवर तडजोड झाली. मागणीच्या सातव्या हिश्शापेक्षाही कमी. वर कंपनीवरचे फौजदारी खटलेही मिटवायचे ठरले. ज्यांच्या वतीनं तडजोड झाली, त्यांना कुणी विचारलं नव्हतं. बातमी आली आणि शेअर बाजारात कंपनीचा भाव चढला. त्यावरून काय ते समजा.

बायका गप्प बसल्या नाहीत. शेकडोंनी दिल्ली गाठून निदर्शनं केली, तडजोडीविरुद्ध अर्ज केले. 1990 पासून वायू लागलेल्या प्रभागांतल्या माणसांना दरमहा 200 रुपये अंतरिम मदत मिळायला लागली. 1991 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तडजोडीची रक्कम कायम ठेवली, पण फौजदारी खटले मिटवण्याचं कलम काढून टाकलं. म्हणजे गुन्हा पुन्हा उभा राहिला. ही बायकांच्या पायपिटीची कमाई.

भरपाईचं काय झालं? बहुतेक पीडितांच्या हातात 25 हजार रुपये आले. जन्मभराच्या आजारासाठी. त्यातूनही आधी दिलेले ते महिन्याचे 200 रुपये कापून घेतले. आपण आजारी आहोत हे सिद्ध करायला कागद लागायचा. ज्या बाईनं इस्पितळाची चिठ्ठी पत्र्याच्या पेटीत जपली, तिचा दावा तरला. जिनं चुलीत घातली, तिचा बुडाला. दाव्याचे पैसे वाटता वाटता डॉलरचा भाव वाढून निधीत 1500 कोटींच्या आसपास शिल्लक राहिले. ते पैसे पडून राहू देऊ नका, आमचे आम्हाला द्या, असा आग्रह धरला गेला आणि 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तेही पीडितांमध्येच वाटायला सांगितलं.

आता पाण्याची गोष्ट. वायूच्या रात्रीच्या आधीपासून कारखाना आपला विषारी कचरा आवारात आणि शेजारच्या तळ्यांत टाकत होता. कारखाना बंद पडला, कचरा तिथंच राहिला. पावसात तो मुरत गेला आणि वस्तीच्या हापशांच्या पाण्यात उतरला. 1999 मध्ये ग्रीनपीस या संघटनेनं माती आणि पाणी तपासलं, त्यात पारा आणि घातक रसायनं सापडली. ज्या कुटुंबांना वायू लागला नव्हता, जी नंतर तिथं राहायला आली, त्यांच्या लेकरांनाही आजार जडले. वास येतो, चव कडू लागते, असं बायका आधीपासून सांगत होत्या. प्रयोगशाळेनं जे नंतर सांगितलं, ते हंड्यानं आधी सांगितलं होतं. 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या वस्त्यांना शुद्ध पाणी द्यायचा हुकूम केला. नळ यायला मात्र आणखी कितीतरी वर्षं गेली. त्यासाठी 2006 ला आणि 2008 ला पुन्हा भोपाळ ते दिल्ली पदयात्रा काढावी लागली.

तोवर कंपनीच बदलली होती. 2001 मध्ये डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीनं युनियन कार्बाइड विकत घेतली. पीडित म्हणाले, आता तुम्ही साफ करा. डाऊचं उत्तर, आम्ही तेव्हा मालक नव्हतो, तडजोड झालेली आहे. पण कार्बाइडवर अमेरिकेत अॅस्बेस्टॉसच्या आजाराचे दावे होते. ते डाऊनं 2002 मध्ये पैसे देऊन मिटवले. म्हणजे सून म्हणून घरात आली, दागिने घेतले, तिकडच्या सावकाराचं कर्जही फेडलं, पण इकडच्या सावकाराला म्हणाली, तुमचं देणं माझ्या लग्नाआधीचं!

तेव्हा भोपाळच्या बायकांनी हत्यार काढलं झाडू. झाडू मारो डाऊ को, अशी त्यांची मोहीम. 2002 च्या डिसेंबरात सुमारे दोनशे बायका मुंबईत डाऊच्या कचेरीवर गेल्या. बरोबर कारखान्याजवळचा विषारी कचरा आणि झाडू. तुमची घाण, तुम्ही झाडा, हा त्याचा अर्थ. डाऊनं उलट त्यांच्यावरच नुकसानभरपाईचा दावा लावला. पण झाडू जगभर पोहोचला. 2004 मध्ये रशीदा बी आणि चंपादेवींना पर्यावरणाचा गोल्डमन पुरस्कार मिळाला. 1 लाख 25 हजार डॉलरची रक्कम त्यांनी घरात ठेवली नाही. चिंगारी ट्रस्ट काढला. जन्मतः अपंग झालेल्या तिथल्या लेकरांवर तिथं उपचार होतात, त्यांना चालायला, बोलायला शिकवतात.

महाराष्ट्रातही या गोष्टीचं एक पान आहे. डाऊला पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात, चाकणजवळच्या शिंदे-वासुली इथं संशोधन केंद्र काढायचं होतं. सुमारे 100 एकर जमीन, तीही गायरान. गावकऱ्यांनी विचारलं, इथं काय बनणार, कोणती रसायनं येणार? मनाजोगं उत्तर मिळेना. डाऊ म्हणजे भोपाळवाली, हे लोकांना कळलं होतं. इंद्रायणीच्या पाण्याचा प्रश्न म्हणून वारकरीही उतरले. 2008 मध्ये रस्ते अडवले गेले, जुलैत बांधकामाच्या जागी जाळपोळ झाली. जाळपोळ मला पटत नाही. भोपाळच्या बायकांनी इतकी वर्षं काही जाळलं नाही, आणि त्यांचं बोलणं त्यामुळंच टिकलं, असं मला वाटतं. पण गावानं प्रश्न विचारला, तो बरोबरच होता. शेवटी डाऊनं तिथला बेत सोडला.

आता हिशेब मांडू, जसा आपण वर्षअखेरीला मांडतो.

खर्चाची बाजू मोठी आहे. 7 जून 2010 ला, म्हणजे पंचवीस वर्षांनंतर, भोपाळच्या कोर्टाचा निकाल आला. भारतातल्या कंपनीच्या अधिकाऱ्यांना दोन वर्षं कैद आणि प्रत्येकी सुमारे एक लाख रुपये दंड. लगेच जामीन. अमेरिकेतला एकही माणूस कोर्टात उभा राहिला नाही. 50.9 टक्के लक्षात आहे ना? नफ्याच्या वेळी तो हिस्सा मालकाचा होता. जबाबदारीच्या वेळी कंपनी म्हणाली, भारतातली कंपनी वेगळी, तिचं तिनं बघावं. त्याच वर्षी सरकारनं वाढीव भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालयात पुन्हा अर्ज केला. 14 मार्च 2023 ला तो फेटाळला गेला. अब्दुल जब्बार 14 नोव्हेंबर 2019 ला वारले. पद्मश्री मिळाली ती मरणानंतर.

आणि कचरा? चाळीस वर्षं तो तिथंच होता. 2025 च्या 1 जानेवारीच्या रात्री बारा कंटेनर भरून 337 टन कचरा इंदूरजवळच्या पीथमपूरला नेला. तिथल्या लोकांनी विरोध केला. आमच्याकडं का, हा त्यांचाही प्रश्न रास्तच. शेवटी कोर्टाच्या देखरेखीखाली तो सहा महिन्यांत जाळला. जमिनीत मुरलेलं विष मात्र अजून तिथंच आहे.

जमेची बाजूही आहे, आणि ती आपल्या सगळ्यांच्या खात्यात जमा आहे. भोपाळनंतर 1986 मध्ये पर्यावरण संरक्षण कायदा आला. 1987 मध्ये कारखाने कायदा बदलला. धोकादायक कारखान्यानं आत काय धोका आहे, हे कामगारांना आणि शेजारच्या वस्तीला सांगणं बंधनकारक झालं. 1986 च्या डिसेंबरातच, दिल्लीतल्या दुसऱ्या एका वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की धोक्याचा धंदा करणाऱ्यानं नुकसानीची पूर्ण जबाबदारी घ्यायची, आमची चूक नव्हती ही सबब चालणार नाही. 1996 च्या नियमांनी रासायनिक अपघातासाठी जिल्ह्याचा आपत्ती गट नेमला, कलेक्टर त्याचे अध्यक्ष. 2006 पासून मोठ्या प्रकल्पांच्या जनसुनावणीची निदान तीस दिवस आधी जाहिरात द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश लोकांच्या भाषेत द्यावा लागतो. आपल्याकडं ही सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. माहितीचा अधिकार 2005 पासून आहेच.

कायदे आपोआप चालत नाहीत, हे भोपाळनंच दाखवलं. तरीही त्या ओल्या फडक्याची गोष्ट आठवा. आत काय साठवलंय, हे विचारायचा हक्क त्या बायकांना नव्हता. तुम्हाला आहे. तो त्यांच्या मेलेल्या माणसांच्या किमतीत आलेला आहे.

आता पुन्हा आमच्या गटाच्या भांडणाकडं. भोपाळमध्येही हे भांडण होतं. कारखान्यात नोकरी मिळणं तेव्हा मानाचं होतं. कामगार आणि वस्ती यांची घरं एकमेकांत गुंतलेली होती. आणि त्या रात्रीच्या आधी धोक्याबद्दल पहिल्यांदा बोलले तेही कामगारच. 1982 मध्ये त्यांच्या युनियननं पत्रकं वाटली होती. आत काय चाललंय, ते आत जाणाऱ्यालाच कळतं. म्हणून मला वाटतं, आमच्या त्या तिघींना अर्जातून वगळायचं नाही. अर्ज त्यांच्याच हातमोज्यांपासून, त्यांच्याच खोकल्यापासून सुरू करायचा. कारखाना बंद करा, असं कुणी म्हणत नाही. पाणी तपासा, आत काय वापरता ते सांगा, कामावरच्या बायकांना सुरक्षेची साधनं द्या, एवढंच म्हणायचं. आणि त्या तिघींच्या नावानं अर्ज जाऊ नये, गटाच्या ठरावानं जावा. एकटीचं काम काढता येतं, गटाचं काढायला चारदा विचार करावा लागतो.

गेल्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. तिघींपैकी एक जण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाणी तर माझी पोरगीबी तेच पितीया." ठराव लिहिला. दोघींनी सही केली, एकीनं अजून केलेली नाही. तिच्यावर कुणी जोर करायचा नाही, असंही इतिवृत्तात लिहिलंय. पाण्याच्या बाटल्यांवर तारीख आणि विहिरीचं नाव घालून दोन नमुने भरले. अर्जाच्या दोन प्रती काढल्या, एकीवर पोच घेतली. ती पोच गटाच्या पेटीत, कर्जाच्या कागदांबरोबर ठेवलीय. भोपाळच्या बायकांनी चिठ्ठ्या ठेवल्या तशी.

उत्तर आलेलं नाही. पुढची बैठक शनिवारीच ठेवलीय.

तुमच्या गावात असं काही असेल, तर बैठकीत विषय काढा, आणि आपल्या रेडिओला कळवा. आज इथंच थांबते.